सरकपट्टीतली अक्षत

दसरा सरला तरी उज्जैनचं ऊन सरलं नव्हतं. सकाळीच शटरचा पत्रा हाताला चटका देत होता. देवास गेटच्या बसस्टँडमागे जयूचं दुकान. वडील तिथं रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेल्यावर तिनं रेडिओ माळ्यावर टाकले आणि काँप्युटर मांडले. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मशीन बिघडलं तर खोलून बघता येतं. नवरा कुठून खोलू?"

सोल्डरिंगची सळई तापत ठेवून ती एका काँप्युटरचा बसच्या धुरानं बुजलेला पंखा ब्रशनं झाडत बसली होती. तेवढ्यात मधुकर आला. मागे बायको अहल्या, पदर ओठांवर. त्यानं पाटीएवढा लॅपटॉप काउंटरवर आदळला.

"जयूताई, दसऱ्यापासून याचं नेट बंद. सोयाबीनचे वायदे चढले-पडले, मी आंधळा! हिनंच काही गडबड केलीय. हिला माझा धंदा खुपतो."

"मी हात नाही लावला," अहल्या म्हणाली. पदर सरकला. ओठ फाटलेला होता.

लॅपटॉप लिनक्सचा. जयूनं काळ्या पडद्यावर हुकूम टाकला. वायरलेसचं कार्ड जिवंत होतं, पण समोर उत्तर आलं: हार्ड ब्लॉक. कामाच्या नादात ती बोलून गेली, "कार्ड एकदम ठीक. कुणीतरी हातानं बटण बंद केलंय."

फाडकन आवाज झाला. जयूच्या तोंडचं वाक्य अहल्येच्या गालावर वाजलं. ती कपाटावर आपटली, वरचे माउस खाली घरंगळले. मधुकरनं तिचा अंबाडा मुठीत धरला. "बोल, कुणी बंद केलं? बोल!"

"सोड तिला!" जयू ओरडली. "अजून पाहून नाही झालं माझं."

लॅपटॉपच्या पुढच्या कडेला नखाएवढी सरकपट्टी होती. चालूकडे ढकललेली, पण पुरती गेलेली नव्हती. जयूनं सुई घातली. आतून कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा निघाला. पट्टी टक्कन बसली, निळा दिवा लागला.

"खंडेनवमीला याची पूजा कुणी केली?"

मधुकरनं मूठ आवळली. केस मुठीतच होते.

"यांनीच," अहल्या बोलली. "त्या दिवशी यंत्राला काम नको म्हणून पट्टी ओढून बंद केली. वर अक्षता टाकल्या. दसऱ्याला परत चालूकडे ढकलली तीही यांनीच. मला तर ताटालासुद्धा शिवू दिलं नाही."

"ज़बान चलाती है!" त्यानं तिचं डोकं काउंटरच्या कडेवर हाणलं. भुवई फुटली, रक्त कळफलकावर ओघळलं. त्यानं पुन्हा हात उचलला, तेव्हा जयूनं तापलेली सळई त्याच्या मनगटावर टेकवली. कातडी चरचरली. तो किंचाळला, केस सुटले.

"दुसरा डाग तोंडावर देईन," जयू म्हणाली. "निघ."

मनगट पोटाशी धरून, शिव्या देत तो निघाला. दारातून ओरडला, "चल घरी!"

अहल्या हलली नाही. बाहेर लोक जमलेले पाहून तो गर्दीत मिसळला.

जयूनं तिच्या भुवईवर ओला फडका दाबला. "बटणाचं मी आधी बोलायला नको होतं गं."

"तो काय, पट्टी चालू असली तरी मारतोच," अहल्या म्हणाली. "देवासची बस कुठून लागते? भाऊ आहे तिथं."

"समोरूनच. चल, बसवून देते."

बस हलेपर्यंत जयू खिडकीखाली उभी राहिली. मग दुकानात येऊन तिनं कळफलकावरचं रक्त पुसलं, सांडलेले माउस उचलले आणि पंखा पुढ्यात ओढून पुन्हा ब्रश हाती घेतला.