काचघरातलं कोपऱ्याचं टेबल

थीम पार्कमध्ये जेवायला कुठं बसावं हे तिच्याइतकं कुणालाच कळत नाही, असं तिच्या ऑफिसात सगळे म्हणत. गंमत अशी, की तिनं ते पार्क कधी पाहिलंच नव्हतं. पार्क शहरापासून गाडीनं तीन तास लांब. ती बसायची शहरातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, कानाला हेडफोन लावून. समोर स्क्रीन, डाव्या हाताला टाचण्यांनी लावलेला पार्कचा नकाशा. पार्कमधल्या अकरा उपाहारगृहांची टेबलं फोनवरून राखून ठेवायची, हे तिचं काम. सात वर्षं झाली होती.

लोक नुसतं टेबल मागत नसत, अख्खं घर तिच्यापुढं मांडत. "आमच्या बाबांना जिना चढवत नाही हो." "जुळी आहेत, एक खातं तेव्हा दुसरं रडतं." ती शांतपणे ऐकून घ्यायची, नकाशावर बोट फिरवायची आणि सांगायची, "मग तुम्ही असं करा..." समोरच्याचा जीव भांड्यात पडलेला तिला फोनमधूनही कळायचा. ज्यांना गर्दी नको असेल त्यांना ती काचघर नावाच्या उपाहारगृहातलं कोपऱ्याचं टेबल द्यायची. काचघर हे नुसतं शोभेचं नाव असावं, असं ती धरून चालली होती; नकाशावर ते टेबल दोन भिंतींच्या बेचक्यात होतं. "अगदी निवांत जागा आहे," ती सांगायची.

कर्मचाऱ्यांना वर्षाला चार मोफत पास मिळत. तिचे पास दर वर्षी नणंदेकडे जात, कारण तिचा स्वतःचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि सुट्टीच्या दिवशीच कुणाची तरी लिफ्ट हटकून अडकायची. यंदा मात्र नऊ वर्षांच्या लेकीनं हट्टच धरला. दिवसभर गुणगुणत असायची म्हणून घरात तिला भुंगी म्हणत.

"आई, तू सगळ्या जगाला पाठवतेस. आम्ही काय घोडं मारलंय? आणि आबा पण हवेत."

नवऱ्यानं सुट्टी टाकली. अडलं ते आबांपाशी.

आबा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. त्यांनी बेतलेला कोट अंगात घातला की माणूस आपोआप ताठ चालायचा. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सावरले, जीभ सावरली, उजव्या हाताचा कंप मात्र राहिला. एकदा नातेवाइकांकडं जेवताना त्यांचा चमचा ताटापासून तोंडापर्यंत पोचलाच नाही. सगळं शर्टावर सांडलं आणि कुणाचं तरी पोर खुदकन हसलं. तेव्हापासून आबा आपल्या खोलीत जेवत, दार लावून. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे.

"तुम्ही जाऊन या," आबा म्हणाले. "मला कसले आलेत झोके घ्यायला!"

झोक्यांचा प्रश्न नव्हता, हे तिला कळत होतं. ती त्यांच्या पलंगाच्या कडेला बसली. "आबा, सकाळी साडेअकराला जेवायचं. तेव्हा कुणी नसतं. कोपऱ्यातलं टेबल आहे, तुमची पाठ लोकांकडं. जाड मुठीचा चमचा मी घरूनच घेते. हजारो लोकांना जागा दिली मी, सासऱ्यांना देता येणार नाही का?"

आबा म्हणाले, "सूनबाई, तुझ्या भरवशावर येतोय हं."

ती हसली आणि चमचा शोधायला उठली.

तो दिवस उजाडला. सकाळ छान गेली. आबा लहान मुलांच्या आगगाडीत बसले, भुंगीनं त्यांची टोपी पळवली, नवरा प्रत्येक पाळण्याखाली वाकून यंत्र बघत होता. साडेअकराला सगळे काचघरात शिरले. हॉल खरंच रिकामा होता. कोपऱ्यातलं टेबलही खरंच कोपऱ्यात होतं. पण नकाशावरच्या त्या दोन भिंती काचेच्या होत्या. जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि काचेला खेटून पाण्याच्या घसरगुंडीची रांग. साठसत्तर माणसं, कंटाळलेली, करायला दुसरं काही नाही म्हणून आत टकामका बघणारी. एका मुलीनं तर काचेला नाक लावलं होतं.

आबांची पाठ हॉलकडं होती, आणि तोंड थेट रांगेकडं.

ते दोन मिनिटं बसले. मग खुर्ची सरकवून उठले. "मला भूक नाही. तुम्ही खा, मी बाहेर थांबतो."

ती जागच्या जागी थिजली. आबांचं वाईट वाटत होतंच, पण डोक्यात दुसरंच काहीतरी घुमायला लागलं. माणसांच्या घोळक्यात ज्याला धाप लागते अशा मुलाच्या आईला तिनं हेच टेबल दिलं होतं. तोंडाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईंना हेच. किती जणांना? त्यांनी काय केलं असेल? कुणीही उलट फोन करून तिला दोन शब्द सुनावले नव्हते. ते नुसते उठून गेले असणार, आबांसारखे.

"काही चुकलं का ताई?" हॉल सांभाळणारा कॅप्टन लगबगीनं आला. ती उत्तर द्यायला लागली आणि तो चमकला. "थांबा, थांबा. हा आवाज... तुम्ही फोनवाल्या ताई ना? सकाळी टेबलांची यादी सांगता त्या?"

सात वर्षं रोज बोलणारी ती दोघं पहिल्यांदा समोरासमोर आली होती.

"हे टेबल तुम्ही का देता हो?" त्यानं हळूच विचारलं. "इथून निम्मी माणसं उठून जातात. आम्हाला वाटायचं, तुमच्याकडं काहीतरी कारण असेल."

"आणि मला वाटायचं, अडचण असली तर तुम्ही सांगाल," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मग तिनं आडपडदा न ठेवता त्याला आबांचं सगळं सांगितलं.

कॅप्टननं मान खाजवली. "बसतळाजवळच्या कॅन्टीनला जा. सहलीच्या बसचे ड्रायव्हर जेवतात तिथं."

ते कॅन्टीन तिला नकाशावर पाठ होतं. "तिथं बघण्यासारखं काही नाही," असं सांगून तीच लोकांना तिथून परतवायची.

खरोखरच बघण्यासारखं काही नव्हतं. पत्र्याचं छप्पर, लांब बाकं, ट्रे घेऊन स्वतःच वाढून घ्यायचं. दहाबारा ड्रायव्हर खाली मान घालून जेवत होते. आबांनी भात आणि कुस्करलेला बटाटा घेतला. पहिला घास निम्मा सांडला. कुणी वर बघितलं नाही. समोरच्या दांडग्या ड्रायव्हरनं कागदी रुमालांचा गठ्ठा त्यांच्याकडं सरकवला आणि स्वतःचं जेवण चालू ठेवलं.

दुसऱ्या घासाला आबांची नजर त्याच्या गणवेशावर गेली.

"हात वर केला की काखेत उसवतं ना?"

ड्रायव्हर चावायचा थांबला. "तुम्हाला कसं कळलं? तीनदा शिवून घेतलं!"

"शिवून काय होणार? मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, खोल कापलाय. ज्यानं कापला त्याला दंडाचं माप घ्यायचा कंटाळा आला होता. काखेत चौकोनी तुकडा जोडायला सांगा, तिरक्या कापडाचा. हा असा." आबा चमच्यानंच हवेत तुकडा कापून दाखवायला लागले. बटाट्याचा एक ठिपका ड्रायव्हरच्या बाहीवर उडाला. ड्रायव्हरनं तो बोटानं पुसला आणि विचारलं, "तिरकं म्हणजे नेमकं कसं?"

शेजारचे दोघे सरकून जवळ आले, आपापल्या काखा दाखवायला. भुंगी हसून हसून लोळायची बाकी होती. आबांचा ट्रे कधी रिकामा झाला ते त्यांनाही कळलं नाही. सांडलं होतं पुष्कळ, बाकावर, मांडीवर. नवऱ्यानं ते पुसून घेतलं.

परतीच्या वाटेवर गाडीत आबा म्हणाले, "काचघरात मी उठलो, तेव्हा तुझा चेहरा पडला. मनाला लावून घेऊ नकोस."

"तुमच्यासाठी नव्हता पडला, आबा. म्हणजे, नुसता तुमच्यासाठी नव्हता."

सोमवारी ती आधी साहेबांच्या खोलीत गेली आणि त्या टेबलाचं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, तक्रार तर एकही आली नाही. ती म्हणाली, "येणारच नाही. तक्रार करायला अंगात जोर लागतो." मग तिनं मागणी केली, फोनवर बसणाऱ्या प्रत्येकीनं एकदा तिथं जाऊन प्रत्येक टेबलावर बसून यावं. साहेबांनी आढेवेढे घेतले, महिनाभर कागद दाबून ठेवला, शेवटी सही केली. धाप लागणाऱ्या मुलाच्या त्या आईचा नंबर मात्र तिला सापडला नाही. जुन्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. ती खंत तिच्या मनात राहिली ती राहिलीच.

आबा रातोरात बदलले वगैरे नाही. पाहुणे असले की ते अजूनही खोलीतच जेवतात. एरवी कधी बाहेर येतात, कधी नाही. ती त्यांचं ताट दोन्हीकडं चालेल असं झाकून ओट्यावर ठेवते आणि विचारत नाही. परवा त्यांनी कपाटातून कात्री काढली, भुंगीच्या हातात दिली, आणि जुनी चादर जमिनीवर पसरून तिला म्हणाले, "हं, आता मी सांगतो तिथं काप. घाई करायची नाही."