हरवल्यावर आधी बसायचं

म्हैसूरला येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा मी हरवले. रानात नाही, अग्रहार म्हणतात त्या जुन्या वस्तीत. भाजी घ्यायला गेले होते, परतताना एक वळण चुकलं, आणि मग घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. भरभर चालायला लागले. देऊळ दिसलं की वाटायचं हेच आपलं देऊळ. जवळ गेलं की भलतंच. कन्नड येत नव्हतं, फोन घरी चार्जिंगला लावलेला, पिशवीतल्या कोथिंबिरीचं पाणी पायावर ठिबकत होतं. कुठल्याशा मोठ्या रस्त्यावर रडकुंडीला येऊन उभी होते, तेवढ्यात शेजारी स्कूटर थांबली. वर आमच्या घरमालकीणबाई.

"अग तंगी, इकडं कुठं? घर त्या बाजूला, तू ह्या बाजूला!"

तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते म्हणे. तेव्हापासून हे घराणं इथलंच. घरात मराठी बोलतात, पण अशी की अर्ध्या वाक्यात कन्नड येऊन बसतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र ती मराठी कानावर पडली की माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी अक्कांनी मला ताक दिलं आणि म्हणाल्या, "हरवलं की चालायचं नाही. सुम्ने बसायचं. गप्प. तू चालत राहिलीस तर मी शोधू कुठं? बसलीस तर येते की मी."

तेव्हा मला ते फक्त मायेचं बोलणं वाटलं. तो पहिला धडा होता, हे पुढे कळलं.

अक्का शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्या शाळेतल्या मुलींना घेऊन तलकाडच्या बाजूला कावेरीकाठी शिबिरं भरवतात. रानात वाट चुकली तर काय करायचं, पाणी कसं मिळवायचं, चूल कशी पेटवायची, गाठी कशा मारायच्या, असलं सगळं. मुलींबरोबर राहायला त्यांना एक बाई हवी होती. एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "तू का येत नाहीस? पण परीक्षा द्यावी लागेल हां. पोरी देतात तीच."

"अक्का, मी नववीत शाळा सोडलीय."

"मी विचारलं काय तुला?"

नव्हतंच विचारलं. इथे आल्यापासून मी दोन-तीन ठिकाणी कामाचं विचारून आले होते, आणि सगळीकडे पहिला प्रश्न तोच, शिक्षण किती. नववी म्हटलं की समोरचा माणूस सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागतो. अक्कांना एवढंच हवं होतं, की मी रानातल्या वस्तूंवर, काडेपेटीच्या तीन काड्यांत, तांब्याभर पाणी उकळून दाखवावं. पाणीही स्वतः मिळवायचं. बस. रात्री ह्यांना सांगताना माझा आवाज एवढा वाढला की खालून अक्का ओरडल्या, "निधान, तंगी, निधान! हळू!"

आमचे हे हसून लोळायचे बाकी राहिले. "भट्टीवाल्याच्या बायकोला काडी लावायची परीक्षा? पास आहेस तू. झोप आता."

आमचा धंदा गलाईचा. आमच्या खानापूर भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली आहेत, त्यातलेच आम्ही. सराफांच्या गल्लीत छोटं दुकान, जमिनीत खड्डा करून बांधलेली भट्टी, त्यात कोळसा, कोळशात मूस आणि मुशीत लोकांचे जुने दागिने. दुपारी हे जेवायला बसले की भट्टीवर लक्ष मी ठेवते. त्यामुळे आगीची मला भीती नव्हती. बाकी सगळ्याची होती.

म्हणून मी बाकी सगळ्याचा सराव केला. आडात सोडायच्या घागरीला दोर बांधतात तशी गाठ आणि जनावर दाव्याला बांधतात तशी गाठ, एक ओढली तर आवळणारी, एक ओढली तर सुटणारी. शिट्टी कशी वाजवायची: तीन वेळा, मग थांबायचं, ऐकायचं, पुन्हा तीन वेळा. उत्तर आलं तर जागचं हलायचं नाही. पानांच्या, फळांच्या बाबतीत अक्कांचा नियम सोपा होता: ओळखत नाहीस तर तोंडात घालायचं नाही, पाखरानं खाल्लं असलं तरी नाही. मी गच्चीच्या कठड्याला गाठी मारत बसायचे आणि शेजारची बाई विचारायची, बैल आणलाय काय गच्चीवर?

आगीचा सराव मात्र केला नाही. ती तर घरचीच.

परीक्षेच्या सकाळी अक्कांच्या जुन्या व्हॅनमध्ये आम्ही तिघी. अक्का, मी, आणि चामराजपुरमची एक कॉलेजातली मुलगी. तिलाही शिबिरात मदतनीस व्हायचं होतं. तिच्या घरी मराठी आहे, पण तिच्या वाट्याला फार थोडी आली होती. नरसीपूर मागे पडलं तशी ती म्हणाली, "वहिनी, मला तर भय वाटतंय. तुम्हाला नाही?"

"मला? छे!" मी म्हणाले. माझ्या मांडीवरचा तांब्या थरथरत होता आणि त्याच्यावरचं झाकण वाजत होतं. ती झाकणाकडे बघून हसली. मग मीही हसले आणि मग दोघींना ते हसू आवरेना. अक्का आरशातून म्हणाल्या, "साकु! पुरे! नदीला ऐकू जाईल."

तलकाडला वाळूच वाळू. जुनी देवळं वाळूखाली गेलेली, त्यांच्यापर्यंत यात्रेकरू चालत जातात. आम्ही त्या बाजूला न जाता ओळखीच्या एका शेताच्या कडेनं नदीकडे उतरलो. सुरूची झाडं, त्यांच्यातून वारा, खाली उन्हात चमकणारं पाणी. मी लहानपणी पाहिलेली नदी म्हणजे वर्षातले आठ महिने कोरडी वाळू. एवढं वाहतं पाणी बघून मला ओरडावंसं वाटलं. अक्कांनी आधीच बजावलं, "बघायचं, आत जायचं नाही. इथं वरून शांत दिसतं, खालून ओढतं. घोट्याच्या वर पाणी आलं तर परीक्षा तिथंच बंद."

पहिलं काम पाणी. आणि इथे मला असा आनंद झाला म्हणून सांगू! नदीचं गढूळ पाणी सरळ भरायचं नाही. काठापासून थोडं मागे वाळूत खड्डा करायचा आणि पाझरून येईल ते घ्यायचं, असं अक्का सांगत होत्या. मी म्हणाले, "अक्का, हा तर झिरा!" आमच्याकडे उन्हाळ्यात आई आणि मी नदीच्या वाळूत झिरे खणूनच घागर भरायचो. मी गुडघ्यावर बसले, दोन्ही हातांनी वाळू उपसली, पहिलं गढूळ पाणी काढून टाकलं, दुसरंही टाकलं, आणि तिसऱ्या वेळी तळाला निवळ पाणी आलं. हळूहळू, वाटीवाटीनं. तेच, अगदी तेच. परक्या मुलखात, परक्या नदीत, माझ्या आईचं पाणी. मी ते वाटीनं तांब्यात भरलं, त्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि धावतच वर आले.

"आयतु," अक्का म्हणाल्या. झालं. "आता बेंकी." म्हणजे आग.

कॉलेजातली मुलगी एका बाजूला, मी दुसऱ्या. दोघींना तीन-तीन काड्या असलेली काडेपेटी. अक्का मध्ये एका दगडावर भाजलेल्या शेंगा सोलत बसल्या. इकडे शेंगांना कडलेकाई म्हणतात. त्यांनी मूठभर माझ्याही खिशात कोंबल्या.

मी कामाला लागले. सुरूच्या वाळक्या काड्या मोडून बघितल्या. कट्कन मोडते ती घ्यायची, वाकते ती टाकायची. नारळाची शेंडी मिळाली. मग वाळूत छान गोल खड्डा केला, हातभर खोल, कडा थापून घेतल्या, तळाला शेंडी, वर काड्या दाबून बसवल्या, त्यावर जाड लाकडं. बघणाऱ्यानं वाहवा म्हणावं अशी बसवली. काडी ओढली, आत सोडली. धरलं! मग नुसता धूर. मग काहीच नाही.

होतं असं कधी, म्हणत मी शेंडी आणखी घातली, आणखी दाबली. दुसरी काडी. ज्वाळा वर आली, मी टाळी वाजवणार तेवढ्यात ती माझ्या डोळ्यांसमोर खाली बसली. मी पालथी पडून फुंकर मारली, राख नाकात गेली. तिकडे त्या मुलीच्या चुलीचा तडतड आवाज सुरू झाला. "वहिनी, माझं लागलं!" ती नाचायला लागली.

माझ्या पायांना पळायचं होतं. खरंच सांगते, अग्रहारातल्या त्या दिवशीसारखंच. काहीतरी कर, लवकर कर, आणखी लाकडं आण, आणखी फुंक, एक काडी आहे, ओढून टाक म्हणजे संपेल एकदाचं. आणि उद्यापासून कुणी विचारलं तर सांग, शिक्षण नववी, आणि काडीसुद्धा लावता येत नाही. काडी मी पेटीवर टेकवलीसुद्धा होती.

अक्कांकडे बघितलं. त्यांनी एक शेंग फोडली.

मी बसले.

मांडी घालून, सुम्ने. धूर कुठे जातो ते बघत बसले. बसल्यावर लक्षात आलं की माझा उजवा हात इतका वेळ सारखा मागे, वाळूत काहीतरी चाचपत होता. काय शोधतोय हा? आणि मग कळलं. पंख्याचं बटण! दुकानात भट्टीच्या उजव्या बाजूला पंख्याचं बटण आहे. कोळसा पेटवला की हात आपोआप तिथे जातो, खालच्या नळीतून वारा घुसतो आणि आग उसळते. मी इथे वाळूत हुबेहूब आमच्या दुकानाची भट्टी बांधली होती. खोल, गोल, दाबून भरलेली. नुसता पंखा नव्हता. तिला श्वास घ्यायला जागाच नव्हती, आणि तळाची वाळू नदीची, ओली.

मला एवढं हसू आलं! मी सगळा खड्डा उपसून फेकला. अक्का म्हणाल्या, "अय्यो, काय गे?" मी म्हणाले, "पंखा राहिला घरी!" त्यांना काही समजलं नाही.

आता वर, कोरड्या जागेवर. आधी बोट ओलं करून वारा बघितला. सुरूची वाळकी पानं, केसांसारखी बारीक, मोकळी ठेवली. त्यावर बोटाएवढ्या काड्या एकमेकींना टेकून उभ्या, खोपटासारख्या, वाऱ्याच्या बाजूला दार ठेवून. तीन दगड. जाड लाकडं बाजूला, ती मागून. मग वाऱ्याकडे पाठ करून, स्वतःचीच भिंत करून, तिसरी काडी ओढली. ओंजळीत ती थरथरत होती. दारातून आत सरकवली आणि हात मागे घेतला. दाबलं नाही. फुंकलं नाही. बघत राहिले.

आधी एक पान लाल झालं. मग दुसरं. मग वारा आपणहून आत गेला आणि सगळं खोपट एकदम पेटलं, तडतड, तडतड! मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, बहुतेक "आई!" ती मुलगी पळत आली आणि मला मिठीच मारली. फडकं सोडून तांब्या तीन दगडांवर चढवला. पाण्याला आधी बारीक बुडबुडे, मग मोठे, मग ते तांब्याच्या तोंडाशी खळखळायला लागलं. जगात कुणाचंच पाणी असं उकळलं नसेल.

अक्कांनी वाकून बघितलं. "हं. आता विझवा. पाणी घाला, ढवळा, राखेवर हात ठेवून बघा. गार लागेपर्यंत."

"अक्का, पास ना?"

"बघू," म्हणाल्या आणि व्हॅनकडे चालू लागल्या.

बघू? मी राख विझवली, हात ठेवून पाहिला, पुन्हा पाणी ओतलं. मुलगी आपलं सामान घेऊन पुढे गेली. मी तांब्या घासून घेतला, काडेपेटी उचलली आणि निघाले. पाय जमिनीला लागत नव्हते. मनात ह्यांना काय सांगायचं, कसं सांगायचं, पंख्याचं आधी सांगायचं की झिऱ्याचं. चालता चालता वर बघितलं तर सुरूची झाडं, वाळूचा चढ, आणखी सुरूची झाडं. व्हॅन नाही. शेत नाही. नदीचा आवाज आता दोन्हीकडून येतोय असं वाटायला लागलं.

मी पुन्हा हरवले होते. पाऊल उचललं गेलंच होतं. ते मी परत खाली ठेवलं.

एका सुरूला पाठ टेकून बसले. गळ्यातली शिट्टी काढली. तीन वेळा. थांबले. ऐकलं. पुन्हा तीन वेळा. छाती धडधडत होती, पण बसल्यामुळे ती फक्त धडधडत होती, मला कुठे नेत नव्हती. खिशात शेंगा लागल्या. एक सोलली. मग दुसरी. लांबून एक शिट्टी आली, एकच, लांबलचक. मी हलले नाही.

थोड्या वेळानं झाडांतून दोघी दिसल्या. अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"व्हॅन तिकडं, पाच मिनिटांवर. आणि ही बाई इथं बसून कडलेकाई खाते!"

"तुम्हीच म्हणालात, बस म्हणून."

मुलगी हसत हसत वाळूत बसली. अक्काही हसायला लागल्या, इतक्या की त्यांना झाडाचा आधार घ्यावा लागला. मग पुढे येऊन त्यांनी माझ्या मुठीतल्या दोन शेंगा घेतल्या आणि फोडत म्हणाल्या, "शनिवारी सकाळी सहाला निघू. वीस पोरी आहेत. त्यांना हे तू शिकव."

"काय, आग?"

"आग मी शिकवते. तू बसायला शिकव."