पळालं कोण, मेंदू की मेरुरज्जू

नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो. मज्जासंस्थेचा धडा आला की फळ्यावर तवा काढतो, तव्याला टेकलेलं बोट काढतो, बोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत एक बाण ओढतो आणि सांगतो, की चटका बसल्यावर हात मागे घ्यायचा हुकूम मेंदू देत नाही, मेरुरज्जू देतो. पोरं लिहून घेतात. मग दरवर्षी कुणीतरी विचारतंच, सर, घाबरून पळणं हेही रिफ्लेक्सच का? मी घड्याळाकडं बघतो आणि खडू शोधायला लागतो. पुस्तकातलं उत्तर मला येतं. पण मी स्वतः पळालेला माणूस आहे, आणि माझ्या पळण्याचा निकाल अजून लागलेला नाही.

भूकंप झाला त्या वर्षी मी बारावीला होतो आणि लातूरला मावशीकडं राहत होतो. आमचं गाव रेणापूरकडं, घरी शेती. आमच्यापैकी कुणी दवाखान्याची पायरी आजारी पडल्याशिवाय चढलेलं नव्हतं, म्हणून मी डॉक्टर व्हायचं असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. कुठं गच्चीवर पत्रे टाकून, कुठं अडतीच्या रिकाम्या गोदामात. आमच्या क्लासचे सर प्रश्नसंच काढायचे, सायक्लोस्टाइल केलेले, शाई हाताला लागणारे. प्रश्न इंग्रजीत, चार पर्याय, आणि उत्तरांचा कागद वेगळा. सरांचा नियम असा, की प्रश्न वाचला की खूण करायची, विचार करत बसायचं नाही. विचार करणारा मागं पडतो. मला हा नियम फार आवडला, कारण विचार न करणं मला आधीपासूनच जमत होतं.

मोठा भूकंप पहाटे झाला. आमच्या गल्लीतली घरं उभी राहिली, भिंतींना नुसत्या भेगा पडल्या. खालच्या गावांमध्ये काय झालं ते उजाडल्यावर कळत गेलं. ते सांगायचा हक्क ज्यांचा आहे त्यांनीच ते सांगावं. आमच्या घरातलं नुकसान म्हणजे मावशीचा पाय. पळताना ती ओट्यावरून घसरली आणि डाव्या पायाची नडगी मोडली. मांडीपर्यंत प्लास्टर. मी भेटायला येणाऱ्यांना फिब्युला मोडली म्हणून सांगायचो, कारण ते नाव जास्त भारी वाटायचं. डॉक्टरांच्या कागदावर टिबिया लिहिलेलं होतं.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, सकाळी कचेरीत जात ते संध्याकाळी येत. दुपारी घरात मी आणि बाजेवर पडलेली मावशी, दोघंच. तिला करमेना, मला पाठ होईना. त्यातून एक पद्धत निघाली. उत्तरांचा कागद तिच्या हातात. मी प्रश्न वाचायचा, तिच्यासाठी मराठीत सांगायचा, उत्तर द्यायचं, आणि तिनं कागद बघून निकाल सांगायचा. मावशी सातवी शिकलेली, ए बी सी डी तिला येत होतं. पण ती नुसता निकाल सांगून थांबायची नाही, प्रश्नाशीच भांडायची. मूत्रपिंडं दोन कशाला, एक पुरत असेल तर? पित्त यकृतात तयार होतं, मग साठवायला पिशवी वेगळी का ठेवली, देवाला सुटसुटीत काही करता येत नव्हतं का? मी म्हणायचो, मावशी, असं विचारत नाहीत परीक्षेत. ती म्हणायची, मग परीक्षेत विचारतात तरी काय?

पहिल्या भूकंपाला तीन-चार आठवडे झाले होते. लहान हादरे येतच होते. बहुतेक जण बाहेर पाल टाकून झोपत, दिवसा घरात येत. त्या दुपारी आमचा तव्याचा प्रश्न झाला होता. मी ए म्हणालो, म्हणजे मेंदू. मावशीनं कागद बघितला आणि बी म्हणाली, मेरुरज्जू. मी तिला समजावून सांगितलं, की मेंदूपर्यंत निरोप जायच्या आधीच कणा हात ओढून घेतो. तिला ते पटलं आणि राग पण आला. इतकी वर्षं चुलीपुढं डोकं वापरलं असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात मांडणीवरची भांडी वाजली.

त्यानंतर मी रस्त्यावर होतो. मधलं मला काही आठवत नाही, हे मी खरंच सांगतोय. दार कसं ओलांडलं, चप्पल घातली का, काहीच नाही. गल्ली सगळी बाहेर आलेली. शेजारच्या काकू कडेवर लेकरू घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं, आणि विचारलं, मावशी कुठं?

मी म्हणालो, "येऊन राहिल्या."

मांडीपर्यंत प्लास्टर असलेली बाई येऊन राहिली होती. काकूंनी लेकरू माझ्या हातात कोंबलं आणि त्या आत गेल्या. हादरा तोवर थांबलेला होता, कदाचित मी उंबऱ्यावर असतानाच थांबला असेल. मी लेकरू सांभाळत मागोमाग गेलो. मावशी बाजेवर उठून बसली होती, उत्तरांचा कागद तिच्या मांडीवर. काकूंना म्हणाली, काही नाही झालं, तू जा, तुझं दूध उतू जाईल.

काकू लेकरू घेऊन गेल्यावर मीच बोलायला लागलो. अपराधी माणूस शास्त्र फार बोलतो. मी सांगितलं, की हे आत्ताच आपण जे वाचलं तेच आहे. निरोप मेंदूपर्यंत पोचलाच नाही, कण्यानंच पाय उचलले. माझ्या मनात तुला सोडून जायचं कुठं होतं? मनाला कळायच्या आधी मी बाहेर.

मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हाताकडं बोट केलं.

"आणि तो गठ्ठा कोणी उचलला?"

माझ्या हातात प्रश्नसंच होता. सगळा. वाचायला काढलेला एक कागद सोडला तर तो बाजेवर नव्हता, पलीकडं कोनाड्यात होता, दाराच्या उलट बाजूला. म्हणजे भांडी वाजल्यावर मी आधी आत गेलो होतो, गठ्ठा घेतला होता, आणि मग बाजेला वळसा घालून बाहेर पडलो होतो. मावशी डोळ्यांनी बघत होती.

"कण्याला एवढं कळतंय, की कोणता कागद परीक्षेचा हाय?"

दुसऱ्या दिवशी क्लासला गेलो, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. सुटल्यावर सरांना विचारलं, की माणूस घाबरून पळतो आणि पळता पळता वस्तू उचलतो, तर ते कुणाच्या हुकमानं? सर म्हणाले, असा प्रश्न येत नाही. मी म्हणालो, आला तर? सर म्हणाले, आला तर सोडून पुढं जायचं. माझ्या शेजारी उदगीरचा एक मुलगा बसायचा, तो म्हणाला की हे काम अॅड्रिनल ग्रंथीचं. किडनीच्या डोक्यावर बसलेली असते, तीच पळवते. दुसरा म्हणाला, ही सवय आहे, तू रोज तो गठ्ठा उचलतोस, हात आपोआप गेला. तिसऱ्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही. आता माझ्याकडं चार पर्याय झाले होते: मेंदू, मेरुरज्जू, ग्रंथी आणि सवय. घरी येऊन मी ते मावशीपुढं मांडले, जणू काही तिला हेच हवं होतं.

ती म्हणाली, "चारी ऐकले. यात तू कुठं हाईस?"

मग तिनं मला बाजेवर बसवलं. काकांना तिनं काही सांगितलेलं नव्हतं, गावाकडंही कळवणार नव्हती. तिनं ते स्पष्टच सांगितलं. माझं डॉक्टर होणं-न होणं हा तिचा विषयच नव्हता. तिला एवढंच पाहिजे होतं, की दुपारी घरात दोघंच असताना पुन्हा हललं तर तिनं काय धरून चालायचं.

"खरं सांग लेकरा. थांबशील का न्हाई? न्हाई म्हणालास तरी मी रागावणार न्हाई. मी शेजारणीला सांगून ठेवीन. पण थांबतो म्हणायचं आणि पळायचं, ते मला परवडणार न्हाई. माझा पाय असा हाय."

मी तोंड उघडलं ते 'थांबीन' म्हणायलाच. पण कालच्या दुपारी कुणी विचारलं असतं तरी मी थांबीन म्हणालो असतो, आणि पाच मिनिटांनी काकूंचं लेकरू घेऊन रस्त्यात उभा राहिलो असतो. ज्यानं उत्तर द्यायचं तो आणि जो पळणार तो, हे दोघं एकच आहेत का, याचीच मला खात्री नव्हती. सरांच्या हिशोबानं मी केव्हाच मागं पडलो होतो.

"माहीत न्हाई मावशी," मी म्हणालो.

ती रागावली नाही. मान हलवली, छताकडं बघितलं, आणि म्हणाली, मग हलायच्या आधीच बाहेर काढ मला.

दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू झालं. काका कचेरीत गेले की मी बाज उभी करून दारातून काढायचो, अंगणात पत्र्याखाली लावायचो. मग मावशी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून एका पायानं यायची. दहा पावलांचं अंतर, पण मध्ये दोनदा थांबायला लागायचं. तिच्या हाताची पकड इतकी घट्ट असायची की संध्याकाळपर्यंत माझा खांदा दुखायचा. त्यातले स्नायू कोणते ते मला येत होतं, पण उपयोग होत नव्हता. पत्रा तापायचा. ती पदरानं वारा घेत प्रश्नसंचाचा निकाल सांगायची आणि प्रश्नांशी भांडायची. चार वाजले की सगळं परत आत.

प्लास्टर निघेपर्यंत मी रोज ती बाज बाहेर काढली, सकाळचा क्लास बुडवून, आणि पुढं माझे मार्क मेडिकलला पुरले नाहीत त्याला हेही एक कारण आहे, असं मी लोकांना सांगतो. खरं तर मी तसाही मागंच होतो. त्या सगळ्या दिवसांत हादरे आले ते सकाळचे आले, रात्रीचे आले, काका घरात असताना आले. दुपारी एकदाही हललं नाही. त्यामुळं मी थांबलो असतो का पळालो असतो, हे तिलाही कळलं नाही आणि मलाही.

मावशी प्लास्टर काढून आली त्या दिवशी पाय बारीक, पांढरा, कातडं सुटलेला. दोन-चार पावलं टाकून बघितली, भिंतीला हात लावून उंबरा ओलांडला, परत आली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आता तुला पळायचं असंल तर पळ बाबा." थट्टाच करत होती ती. मी हसलो, आणि बाज आत घ्यायला अंगणात गेलो ते बराच वेळ आत आलोच नाही.