आग्नेल मेस्तांना पाठवलेली नोटीस

आग्नेल मेस्त गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी तुंबलेल्या गटाराबाबत ग्रामपंचायतीला चौथे पत्र लिहीत होतो. ते तसेच राहिले... खरे लिहायचे पत्र तर वर्षभर राहून गेले होते.

वेंगुर्ल्याच्या रस्त्यावरील त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेल्या वर्षी मी ट्रॅक्टरला लोडर बसवून घेतला. बकेट उचलणारे सिलिंडर आणि त्यांना तेल सोडणारा वाल्व मीच निवडून आणले होते. "सिलिंडर बरे हाडलास, अण्णांनू. वाल्व मात्र ह्या पंपाक चलाचो नाय," ते म्हणाले. मी माहितीपत्रकावर बोट ठेवून तोच बसवण्याचा आग्रह धरला. "तुमची मर्जी," म्हणून त्यांनी नळ्या जोडल्या.

आठवड्याभरात तेल तापू लागले, बकेट धक्के खात उठू लागली. संतापून मी त्यांना सदोष जोडणीबद्दल रजिस्टर्ड नोटीस पाठवली, तीही इंग्रजीत. ती घेऊन ते माझ्या अंगणात हजर! "माका इंग्रजी येणा नाय. काय लिवलास ता वाचून दाखवा." मी एकेक वाक्य मराठीत सांगू लागलो. निष्काळजीपणा, विश्वासभंग, अकौशल्य... माणूस समोर बसून ऐकत असताना माझेच शब्द माझ्या तोंडून निघेनात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. "झाला? आता तेलाच्या टाकीक हात लावा." ट्रॅक्टर नुकताच बागेतून आला होता. हात भाजला.

"तुमचो पंप तेल ढकलतच रवता. दांडी मधी ठेवल्यार ह्यो वाल्व वाट बंद करता. मगे तेल जातला खंय?"

मधल्या स्थितीत वाट मोकळी ठेवणारा वाल्व त्यांनी त्याच दुपारी बसवला. बकेट अलगद उठली. मी म्हणालो, "नोटीस मागे घेतो."

"कागदार चढयलास मां? कागदारसूनच उतरवा," ते हसले.

जगाच्या चुका कलमांसह दाखवणाऱ्या माझ्या हाताला स्वतःची एक चूक लिहिता येईना. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही, हेच अधिक बोचत राहिले.

परवा अखेर ते पत्र लिहिले आणि वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो. त्यांच्या पत्नीला, रोजूबायना, वाचून दाखवले: आरोप खोटे होते, वाल्व मी चुकीचा निवडला, मेस्तांनी आधीच बजावले होते. त्या कागदाकडे पाहून म्हणाल्या, "अण्णांनू, सही करूक इसारलास."

मेस्तांच्या कामाच्या टेबलावर कागद टेकवून मी सही केली. फळीत मुरलेले तेल कागदाला लागले. डागाळलेला कागद आयुष्यात मी कोणाला दिलेला नाही... तो मात्र तसाच रोजूबायच्या हाती दिला.