बरोब्बरबाईंचं शून्य

आमच्या जाऊबाईंना शाळेतली मुलं 'बरोब्बरबाई' म्हणत. उत्तर बरोब्बर जुळलं नाही, की पोरगं पुन्हा पहिल्या पायरीपासून. घरातही तीच तऱ्हा. मी चादर जराशी तिरकी घातली तरी त्या ती काढायला लावत आणि मी दातओठ खात पुन्हा घालत असे.

अशा बाईला शाळेने फर्मावलं, की गणित शिकवायचं असेल तर संगणकावर गणितं सोडवण्याची परीक्षा पास व्हा. संधी तीन. नाहीतर नोकरी संपली. त्यांचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या औषधपाण्यासकट सगळं जाऊबाईंच्या पगारावर. दोनदा नापास झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या, कारण मी ऑफिसात दिवसभर संगणकच बडवते.

"मला शिकव," त्या म्हणाल्या. मान खाली. मला कसंतरीच झालं. या बाईने आजवर माझ्याकडे चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

"हे बघा," मी सुरुवात केली. "ज्या संख्येचा घन वीस, ती शोधायची. दोनचा घन आठ, कमी पडतो. तीनचा सत्तावीस, जास्त होतो. म्हणजे आपली संख्या दोघांच्या मध्ये कुठेतरी. मधली अडीच तपासायची, नको तो अर्धा भाग सोडून द्यायचा, उरलेल्यातली पुन्हा मधली घ्यायची. प्रोग्रॅम लिहून हे सगळं संगणकाकडून करवून घ्यायचं."

"कुठवर?"

"पुरेसं जवळ येईपर्यंत."

"पुरेसं म्हणजे काय? फरक शून्य होईपर्यंत म्हण ना!"

"तो अगदी शून्य होत नाही, जाऊबाई. फरक अमुक इतका लहान झाला की थांब, असं आपणच सांगायचं."

"म्हणजे चुकीचं उत्तर लिहून मोकळं व्हायचं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. रोज यावरूनच आमची खडाजंगी. शेवटी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या एकदाच्या 'बरं बाई' म्हणाल्या आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला.

परीक्षेहून आल्या त्या थेट कामाला लागल्या. भाऊजींची कूस बदलली, कपडे वाळत घातले. मग निकाल लागला. नापास. सोमवारपासून येऊ नका, असं शाळेने सांगितलं.

त्या संध्याकाळी त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "माझं कुठे चुकलं, दाखव."

परीक्षेत, जिचा घन पन्नास, ती संख्या विचारली होती. त्यांनी सांगितलं तसं मी टाइप करत गेले. सगळं ठीक. थांबण्याची अटसुद्धा घातलेली. फक्त फरक किती चालेल, तिथे दशांशचिन्हापुढे तीस शून्यं आणि मग एक! तडजोड केली, पण तीही बरोब्बरबाईंच्या मापाने.

मी प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर आकडे सरसर उतरले आणि बघता बघता एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटू लागली. तीन पूर्णांक, पुढे सहा, आठ, चार...

"हे असंच झालं," त्या घाईने म्हणाल्या. "थांबेचना. मला वाटलं, माझंच चुकलं. मी सगळं पुसून नव्याने लिहायला घेतलं आणि वेळ संपली."

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "जाऊबाई, संगणक याहून बारीक आकडे ठेवूच शकत नाही. म्हणून फरक तुमच्या मापाइतका लहान होईना आणि तो थांबेना. उत्तर हेच आहे."

"हेच? मग मी पुसलं ते?"

"बरोबर होतं."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. ओळी उमटतच होत्या. मला त्यांचा राग आला, शाळेचा आला, आणि बंद कर म्हणायचं सोडून त्या बघत का बसल्यात, याचाही आला.

"आत्ता कळलं गं," त्या एकदम म्हणाल्या. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता. "कुठे थांबायचं, हेसुद्धा गणितच आहे. सोमवारी पहिल्याच तासाला पोरांना..."

वाक्य तिथेच सोडून त्यांनी प्रोग्रॅम बंद केला.