मामांचं मराठी राहिलं

परीक्षेची आतुरतेने वाट पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. इतर लोक परीक्षा टळावी म्हणून नवस बोलतात. मामा परीक्षा पुढे ढकलली गेली की दोन दिवस नीट जेवत नसत. वेळापत्रक जाहीर झालं की तंजावूरच्या त्यांच्या घरात लग्नाची तारीख धरल्यासारखी धांदल उडे. इस्त्रीवाल्याकडून वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कडक होऊन येई. हॉल तिकिटाच्या तीन प्रती निघत, एक खिशात, एक पिशवीत आणि एक देवासमोर. पाच पेनं ओळीने मांडली जात आणि रोज सकाळी प्रत्येकाला वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चालवून पाहिलं जाई, घोडे फिरवून आणावेत तसं. या सगळ्या धामधुमीत मामी फक्त एवढंच म्हणायच्या, "पेपर होऊन येताना कढीपत्ता आणा."

मामा तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरी बंगळूरला. ऑफिसातल्या ज्या मुलीशी लग्न केलं ती तंजावूरची मराठी निघाली, म्हणजे राजवाड्यामागच्या गल्लीत दहा-बारा पिढ्या राहिलेली, घरी मराठी बोलणारी, पण लिहायचं झालं तर तमिळ किंवा इंग्रजीत लिहिणारी. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्या घरी गेलो, तेव्हा सगळ्यांनी आपापली नावं सांगितली. मामांनी नाव सांगितलंच नाही. शर्टाच्या खिशातून एक ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मी स्टुडंट." मला वाटलं, पुढ्यातल्या गृहस्थांची काहीतरी गंमत चालली आहे. ओळखपत्रावर खरोखरच एका मुक्त विद्यापीठाचं नाव होतं, मामांचा फोटो होता, आणि खाली 'बी.ए., प्रथम वर्ष' असं छापलेलं होतं.

त्याआधीची चाळीस वर्षं मामा सरकारी बसमध्ये कंडक्टर होते. तंजावूर ते कुंभकोणम, मार्गे पापनाशम. बारावीनंतर कॉलेजात जायचं ठरलेलं असताना वडील गेले आणि मामांच्या हाती पुस्तकाऐवजी तिकिटांचा गठ्ठा आला. निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दूरशिक्षणाचा अर्ज भरला. कॉलेजात रोज जायचं नाही, पुस्तकं पोस्टाने घरी येतात, एकेक विषयाचा पेपर सवडीने द्यायचा, पास झालं की त्याची क्रेडिटं जमा होतात, आणि सगळी जमली की पदवी, हा प्रकार त्यांना बेहद्द आवडला. मला समजावून सांगताना ते म्हणाले, "साधं कॉलेज म्हणजे एक्स्प्रेस, जावई. चुकली की चुकली. हे आमचं म्हणजे टाऊन बस. प्रत्येक स्टॉपवर थांबते. फक्त सहा वर्षांच्या आत शेवटच्या स्टॉपला पोचलं पाहिजे, नाही तर तिकीट बाद."

अभ्याससुद्धा ते बसमध्येच करत. घरी खुर्चीवर बसून वाचलेलं डोक्यात शिरत नाही, हलत्या सीटवरच शिरतं असं त्यांचं मत होतं. सकाळची बस पकडायची, जुने ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना तिसऱ्या रांगेतली खिडकी राखून ठेवत, आणि भातशेतांकडे पाठ करून मामा राज्यशास्त्र वाचत. कुठला धडा किती मोठा हे ते पानांत सांगत नसत. 'मूलभूत हक्क' पापनाशमपर्यंत पुरतं, 'संघराज्य' कुंभकोणमला पोचून अर्धं उरतं, परतीच्या वाटेवर संपतं. धडा संपला की पुस्तक मिटून पुटपुटायचे, "पोलाम, राइट!" म्हणजे चला, सोडा गाडी. एकदा हे जरा मोठ्याने म्हटलं गेलं आणि नव्या ड्रायव्हरने अर्धे उतारू खाली असतानाच बस सोडली.

विद्यार्थीपणाचा त्यांना भारी अभिमान. राजवाड्यातल्या संग्रहालयाच्या खिडकीशी ते एकदा मला घेऊन गेले आणि स्वतःसाठी विद्यार्थ्याचं तिकीट मागू लागले. खिडकीतला माणूस ओळखीचाच, तो हसून म्हणाला, "मामा, चुकून नातवाचं कार्ड आणलंत काय?" मामांनी शांतपणे दरफलकाकडे बोट केलं. "विद्यार्थी म्हणून लिहलाय. वय कोठं लिहलाय दाखव." मागे रांग वाढत होती. शेवटी सवलतीचं तिकीट मिळालं. आत जाऊन मामांनी एकही मूर्ती पाहिली नाही. एका बाकावर बसून ते तिकीटच उलटसुलट करून पाहत राहिले. म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांस पास बघून सोडलों. मज कोणी आज पहिल्यांदा सोडलं."

त्यांचा पेपर द्यायला जाण्याचा सोहळा मी एकदा सोबत जाऊन पाहिला. परीक्षाकेंद्र कुंभकोणमच्या एका कॉलेजात होतं. पापनाशमच्या अलीकडे आमची बस फुसकन आवाज करून थांबली. बसमध्ये आणखी दहा-अकरा परीक्षार्थी होते, एक नर्सबाई, एक पोलीस शिपाई, कडेवर मूल घेतलेली एक मुलगी; मूल सांभाळायला तिची आईही सोबत होती. सगळे घड्याळं पाहायला लागले. मामांनी खिशातून शिट्टी काढली. निवृत्तीनंतर शिट्टी कशाला बाळगता, असं मी त्यांना विचारणार होतो, ते राहून गेलं. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी ती अशी काही फुंकली की लग्नाचं वऱ्हाड सोडून रिकामी परतणारी एक व्हॅन जागच्या जागी थांबली. मामांनी व्हॅनवाल्याला दोन वाक्यांत पटवलं, सगळ्यांना आत भरलं, डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि स्वतः दाराशी लटकले. केंद्रावर पोचलो तेव्हा घंटा होत होती. मुलीचं मूल रडायला लागलं, आजीला आवरेना. मामा त्याला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले आणि ते झोपल्यावरच वीस मिनिटं उशिरा वर्गात गेले. त्या पेपरात ते पास झाले. ती मुलगीही झाली. तेव्हापासून केंद्रावरचे सगळे त्यांना 'मामा' म्हणू लागले.

अशा तऱ्हेने इतिहास सुटला, राज्यशास्त्र सुटलं, इंग्रजी दुसऱ्या फेरीत सुटलं. राहिलं फक्त मराठी.

मुळात मराठी त्यांनी घेतलं कशासाठी? तमिळ घेतलं असतं तर डोळे मिटून पास झाले असते. मामींनी मला कारण सांगितलं. महाराष्ट्रातून राजवाडा बघायला येणारी मंडळी दिसली की मामा हौसेने पुढे होऊन मराठीत बोलत. पाहुणे थक्क होत आणि म्हणत, "अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता हो! कुठे शिकलात?" एका बाईंनी तर त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून घेतलं आणि मैत्रिणींना हसत हसत ऐकवलं. दुसऱ्या दिवशी अर्जात विषयांच्या रकान्यात मामांनी मराठी लिहिलं. "आमचं मराठी मराठी आहे म्हणून एक कागद होणे," म्हणजे एक कागद हवा, एवढंच मामींना म्हणाले.

आणि नेमके मराठीतच नापास झाले. एकदा नव्हे, तीनदा.

देवनागरी ते साठीनंतर शिकले होते. तमिळ लिपीत प आणि ब यांना एकच अक्षर, क आणि ग यांनाही एकच. त्यामुळे मामांचा हात लिहिताना कुठेही वळे. 'माझ्या काडीत रोज दोनशे माणसं बसत' असं त्यांनी एका स्वाध्यायात लिहिलं होतं. वडील पापनाशमच्या रेल्वे स्टेशनात कारकून होते. त्यांच्याविषयी लिहिलं होतं, 'माझे पाप वीस वर्षे पापनाशमला होते.' तपासणाऱ्याने समासात लाल शाईने विचारलं होतं, 'आणि तरीही उरले?'

हे वाचून मी हसलो, मामाही हसले. पण शेवटच्या पानावर शेरा होता, 'भाषा अशुद्ध. वाक्यरचना मराठी नाही.' त्याच्यावर बोट ठेवून मामा म्हणाले, "काडी चुकली, पाप चुकलं, कबूल. पण हे? माझी आई जे बोलत होती ते मराठी नाही, तर मग काय वो ते?"

सहा वर्षं संपत आली होती, शेवटची एक संधी उरली होती. मी तीन आठवड्यांची रजा काढून तंजावूरला गेलो आणि मामांचा शिक्षक झालो. असा विद्यार्थी शत्रूलाही मिळू नये. मी म्हणे, "मामा, 'मज कॉफी होणे' नाही. 'मला कॉफी पाहिजे.'"

"पाहिजे म्हणजे?"

"म्हणजे हवी."

"पाहणे म्हणजे बघणे ना? कॉफी बघून काय करता, जावई? प्या की!"

'मी पत्र लिहलों' नव्हे, 'मी पत्र लिहिलं', हे सांगायला मला चार दिवस लागले. लिहिणारा मी, मग क्रियापद पत्राच्या मागे का जातं, असं ते विचारत. "तिकीट मी फाडलों की तिकीट आपोआप फाटलं?" शेवटी आमचा तह झाला. घरचं मराठी घरी, पेपरात पुस्तकी. मामांनी हे मान्य केलं, पण त्या दिवसापासून ते पुस्तकी मराठी बोलताना पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे अंग चोरून बोलत. मला उगीच अपराधी वाटायचं. एका दुपारी मी त्यांना विरामचिन्हं शिकवत होतो. अवतरणचिन्हं दाखवून म्हणालो, "यांच्या आत दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं लिहायचं. तिथे आपण सुधारणा करायची नाही. बोलणं ज्याचं त्याचं." मामांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं आणि वहीत एक पूर्ण पान अवतरणचिन्हं काढली.

पेपरच्या दिवशी मी फाटकाबाहेर उभा होतो. मामा सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. "निबंध कोणता आला?" मी विचारलं.

"माझी आई."

"पुस्तकी लिहिलंत ना?"

"लिहिलं. 'माझी आई सकाळी लवकर उठत असे.' एकदम पुस्तकी." मग जरा थांबून म्हणाले, "मग ती बोलायला लागली, जावई. मज थांबवता आलं नाही. तीन पानं बोलली. सगळं त्या चिन्हांच्या आत घातलों."

मी कपाळावर हात मारला नाही, पण मारावासा वाटला. आम्ही परतीची बस पकडली. मामांनी कढीपत्ता घेतला होता, त्याची जुडी मांडीवर धरून ते खिडकीबाहेर बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते बसमध्ये नुसतीच शेतं बघत होते.

निकाल मी बंगळूरला संगणकावर पाहिला. पासाला पस्तीस लागत. मामांना अठ्ठावन्न होते. मी फोन केला तेव्हा मामींनी उचलला. "ते अंगणात गेले," त्या म्हणाल्या, "डोळ्यांत काही गेलं म्हणतात." निबंध कुणी तपासला, त्याला काय वाटलं, हे आम्हाला कधीच कळणार नाही. पण कुठल्या तरी गावातल्या कुणा मास्तरांनी किंवा बाईंनी त्या माउलीला तीन पानं बोलू दिलं, लाल शाई मध्ये आणली नाही, एवढं खरं. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

पदवी आली, चौकटीत बसली, भिंतीवर लागली. पुढे कसली परीक्षा नाही म्हणून मामा काही दिवस अगदी सैरभैर झाले. मग त्यांनी मला पत्रं लिहायला सुरुवात केली. पोस्टकार्डावर, देवनागरीत, दर आठवड्याला एक. त्यात घरचंच मराठी असतं, आणि काडीची गाडी अजून नेहमीच होते असं नाही. बायकोला देवनागरी येत नाही, म्हणून कार्ड आलं की मी मोठ्याने वाचून दाखवतो आणि ती स्वयंपाकघरातून हसते.

परवाच्या कार्डात होतं, 'जास्वंदीस पहिलं फूल आलं. तुमची मामी त्याचं फार कवतिक केली.' मी वाचून थांबलो, कारण आतून हसू आलं नाही. ती हात पुसत बाहेर आली.

"पुन्हा वाच."

मी वाचलं.

"कवतिक," ती म्हणाली. "आई म्हणत होती हा शब्द. आई गेल्यापासून मी कोणाच्याही तोंडून ऐकला नव्हता. मी विसरलेच होते, रे."

कार्ड तिने माझ्या हातातून घेतलं. वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या शेजारी बसली आणि एक कोरं पोस्टकार्ड पुढे ओढलं.

"यातला 'क' कोणता?" तिने विचारलं. "मज काढून दाखव."