बाईंचा अर्धा शब्द

रत्नप्रभाबाईंचं वाक्य कधी पुरं होत नसे. शेवटचा शब्द त्या अर्ध्यातच हवेत सोडत आणि तांड्यावरच्या शाळेतली पोरं तो झेलत. "महाराष्ट्राची राजधानी मुं..." "बई." "कापूस हे नगदी पी..." "क." कळंबहून घरी जाताना एसटीतही त्या म्हणत, "एक यवत..." आणि कंडक्टर "माळ" म्हणून तिकीट फाडे.

चौथीतला इंद्रजीत तेवढा झेलत नसे. तोंड मिटून बसे. याला काही येत नाही, असं बाईंनी त्याचा बाप धावजी याला सांगूनही टाकलं होतं. कापसाचा भाव पडलेली ती वर्षं. वेचायला बाया लावणं परवडत नव्हतं. धावजी म्हणाला, "मंग सोमवारपासून वावरात नेतो त्याले. शनिवारी येतो, याले काही येते का, आखरी एक डाव पाहून घ्या."

शनिवारी बाईंनी इंद्रजीतला उभं केलं. "सांग बाळा, सूर्य पूर्वेला उग..."

"बाई, तुमाले तं मालूम हाये."

"हो."

"मंग मले काहून विचारता?"

मागं कुणी तरी खिदळलं. बाई रागवायला गेल्या, पण कशावर रागवायचं ते सापडेना. बाजारात माणूस ठाऊक नसलेला भाव विचारतो. ठाऊक असलेलं विचारायची रीत काय ती शाळेतच. आणि उत्तर आलं तरी ते पोराचं कुठं, अर्ध्याहून जास्त आपलंच.

"बरं, मला माहीत नाही ते सांग. मी बाहेर गेले की वर्गात काय चालतं?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. इंद्रजीत मात्र सुरू झाला. "ते संगीता हाये ना, ते बाई बनते. वढणी अशी खोचते. लखीरामले म्हणते, 'सरळ उभा राहा, वाकडा खांब कुठला.' मंग मले म्हणते, 'याला काही येत नाही, बस खाली.' नाकातून म्हणते, तुमच्यावानी. मंग मी बसतो. सब्बन हासतात. मी बी हासतो."

"तू कशाला हसतोस?"

"मस्त करते ना ते."

बाईंच्या वर्गात एवढं लांब उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. संगीता पाटीत डोकं घालून बसली होती. तिला काही बोलावं, असं बाईंना वाटलंच नाही.

शाळा सुटताना धावजी आला. "काय बाई, येते का याले काही?"

"माहीत नाही, धावजीभाऊ."

"तुमाले नाही मालूम तं कोनाले मालूम?"

"मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. तुम्हाला उगाच सांगितलं. राहू द्या त्याला शाळेत."

धावजीनं सायकल भिंतीला टेकवली. मग पोराला म्हणाला, "काय रे, राह्यतं का?"

"राह्यतो."

"रविवारी वेचाले या लागीन पण," म्हणत त्यानं सायकल वळवली.